आरोग्यविचार : कॉफीचा पेला आणि लोहाची गोळी

गेल्या महिन्यांत नेरुळास आमच्या भाचीकडे जाण्याचा योग आला. सिडकोनें वसविलेल्या नव्या मुंबईंत मराठी बिऱ्हाडाच्या शेजारीं तामीळ वा मल्याळी बिऱ्हाड असणें नित्याचेंच. त्यामुळें आमच्या भाचीच्या ओट्यावरहि शेजारच्या मामींकडून शिकून घेतलेलें कॉफीचें पितळी फिल्टर विराजमान झालें आहे. भाचीस पांचवा महिना लागला आहे. सकाळीं तिनें वाफाळलेल्या कॉफीचा पेला हातीं घेतला आणि पहिल्याच घोटाबरोबर लोहाची गोळी गिळली. "मामा, गोळी एक दिवस चुकवीत नाहीं, तरी रक्त कांहीं वाढत नाहीं," अशी तिची तक्रार. रक्त न वाढण्यास कारणें अनेक असूं शकतात. परंतु त्यांपैकीं एक तिच्या हातांतच होतें!

कॉफीवर अन्याय व्हावा अशी आमची इच्छा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९१ सालीं मूत्राशयाच्या कर्करोगासंबंधीं कॉफीस संशयितांच्या यादींत बसविलें होतें. २०१६ सालीं पुराव्याची फेरतपासणी करून त्याच संस्थेनें तें नांव यादींतून काढलें. मात्र ६५ अंश सेल्सियसहून अधिक कढत पेयें अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारण होतात, असा इशाराहि दिला. म्हणजे संशय राहिला तो कढतपणावर, कॉफीवर नव्हे. पुढें २०१७ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें अनेक संशोधनांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. दिवसाकाठीं तीन-चार पेले कॉफी घेणारांत मधुमेह, यकृताचे विकार व हृदयविकार कमी आढळतात, असें त्यांत दिसून आलें. हा केवळ निरीक्षणाचा निष्कर्ष आहे. कॉफीमुळेंच रोग टळला, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. शिवाय त्याच आढाव्यांत गर्भवती स्त्रियांना स्पष्ट अपवाद केलेला आहे. वर्तमानपत्रांतील मथळे वाचून कॉफीची स्तुति करणारांच्या नजरेंतून नेमकें हेंच निसटतें.

आतां लोहाकडे वळूं. कॉफींतील कांहीं द्रव्यें अन्नांतील लोहास आंतड्यांतच बांधून ठेवितात व तें रक्तापर्यंत पोंचत नाहीं. १९८३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जेवणाबरोबर घेतलेल्या एका पेल्यानें लोहाचें शोषण ३९ टक्क्यांनीं घटलें. चहानें तर ६४ टक्क्यांनीं. कॉफी जेवणापूर्वीं तासभर घेतली असतां घट झाली नाहीं. जेवणानंतर तासाभरानें घेतली, तरी घट मात्र तितकीच झाली. आपल्या घरांत जेवण आटोपतांच पेला पुढें येतो, हें येथें आठवावें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगीं रक्त कमी आहे. ज्या घरीं लोह मुख्यतः डाळी, पालेभाज्या व बाजरी यांतूनच मिळावयाचें, त्या घरीं ही सवय अधिकच महाग पडते. कारण धान्य-भाज्यांतील लोह मुळांतच शरीरास कमी लागतें.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं दिलेल्या मार्गदर्शनानुसार १५० मिलिलिटर फिल्टर कॉफींत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असतें, झटपट कॉफींत ५० ते ६५, व चहांत ३० ते ६५. प्रौढांनीं दिवसास ३०० मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी, असें ती संस्था सांगते. युरोपीय तज्ज्ञांनीं २०१५ सालीं गर्भवतीसाठीं २०० मिलिग्रॅम ही सीमा ठरविली. म्हणजे भाचीसारखीनें फिल्टर कॉफीचा एक पेला घेतला, तर उरलेल्या दिवसांत चहाचा एखादा कपच हिशेबांत बसतो. एकादशीस जायफळ घातलेल्या कॉफीवर दिवस काढणाऱ्या भगिनींनींहि हा हिशेब एकदां करून पाहावा; त्यांत साखर किती जाते, हेंहि मोजावें.

आमचें सांगणें इतकेंच : कॉफी सोडूं नका, तिची वेळ बदला. ती जेवणाआधीं तासभर, किंवा जेवणानंतर दोन तासांनीं घ्यावी. लोहाची गोळी कॉफी, चहा वा दूध यांबरोबर कधींहि घेऊं नये. साध्या पाण्यानें किंवा लिंबाच्या सरबतानें घ्यावी, म्हणजे लोह अंगीं अधिक लागतें. पेला किंचित् निवूं द्यावा. झोंप न येणारांनीं दुपारनंतर त्याचें नांव काढूं नये. आणि एवढें करूनहि रक्त वाढेना, तर डॉक्टरांस दाखविण्यास विलंब लावूं नये.

भाचीनें त्याच दिवशीं गोळीची वेळ रात्रीं निजतांना केली. शेजारच्या मामींना हें कळतांच त्या हंसून म्हणाल्या, "गोळी कॉफीबरोबर घे असें मीं कुठें शिकविलें होतें?" बोल खरा होता. फिल्टर आपण शेजारून आणलें. घोटाबरोबर गोळी गिळण्याची घाई मात्र आपलीच!