परसातलं ‘वांझ’ झाड

जानेवारीत महाबळेश्वरच्या सहलीहून परतलेल्या विद्यार्थिनींनी माझ्यासाठी स्ट्रॉबेरीचे दोन डबे आणले. नाजूक फळ, दोन दिवसांत संपवायला हवं. थोडी नुसती खाल्ली, थोडी दुधात घातली, उरलेल्याचा जॅम केला. लेक म्हणाली, “आई, एका फळाचं किती काय काय होतं गं!” मी म्हटलं, “मे महिन्यात पेडण्याला चल. तुझ्या आजोळच्या परसातलं फळ बघ.”

ते फळ म्हणजे भिरंड. रत्नागिरीकडे रातांबा, बाजारात कोकम, आणि सिरसीच्या माझ्या सासूबाईंच्या तोंडी मुरुगलु. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात याची ‘ब्रिंदोंइश’ अशी नोंद केली आहे.

या फळातलं वाया काही जात नाही. साली मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवल्या की सोलं तयार. ती माशाच्या आमटीत जातात, सासूबाईंच्या सारातही जातात. सालींना मीठ लावून सुटलेला रस म्हणजे आगळ. नारळाच्या दुधात तो घालून लसूण-मिरची वाटून लावली की सोलकढी. सालींत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की सरबताचा पाक. बियासुद्धा टाकायच्या नाहीत. वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा, वर आलेलं तेल काढून थंड करायचं. त्याचे पांढरट गोळे वळतात, ते मुठेल. भेगाळलेल्या टाचांवर याच्यासारखं औषध नाही. सासूबाई त्याला मुरुगल तुप्प म्हणतात. आज हेच तेल महागड्या क्रीममध्ये घालतात.

आमच्या परसात भिरंडाची दोन झाडं. एक दर वर्षी लाल फळांनी लगडतं, दुसऱ्याला आयुष्यात एक फळ नाही. 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर धाकट्या भावाने टॅक्सी घेतली. तिच्यासाठी पत्र्याची शेड हवी, आणि जागा नेमकी त्या दुसऱ्या झाडाची. फोनवर म्हणाला, “ताये, ह्या झाडाक केन्नाच फळ येना. कित्याक दवरप?” मला त्याचं पटलं. मीही “तोड” म्हणाले.

बाजूला भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. “अदु गंडु मरा. कडीब्याडा.” नराचं झाड आहे ते, तोडू नका.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, भिरंडात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी रुजवून वाढवलेल्यांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला फुलं येईपर्यंत सहा-सात वर्षं जातात. म्हणून तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1997 मध्ये आणलेल्या ‘कोकण अमृता’ची कलमंच लावतात. पण बागेत थोडी नर झाडंही ठेवावी लागतात. परागच नसले तर मादी झाड फळणार कशाने?

मी एम.ए. झालेली, भिरंडाच्या झाडाखाली वाढलेली, आणि मला हे ठाऊक नव्हतं. फळ न देणाऱ्या झाडाला आपण किती सहज वांझ म्हणतो! झाडालाच कशाला, घरातल्या माणसांनाही म्हणतो. ती तिथे आहेत म्हणून शेजारचं लगडतं, हे दिसत नाही.

संध्याकाळी भावाला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “कुऱ्हाड घालपी माणूस फाल्यां येवपाचो आसा. ताका नाका म्हणटां.”

या मे महिन्यात लेकीने आजीजवळ बसून साली सोलल्या. पाऊस यायच्या आत सोलं सुकायला हवीत म्हणून दोघींची कोण धावपळ! येताना सासूबाईंसाठी मुठेलाचे चार गोळे आणले.

भावाची टॅक्सी अजून उन्हातच उभी असते.