हिमकड्याचा इशारा आणि चौकीतील शिधा

२५ जानेवारी २०१७ रोजी काश्मीरमधील गुरेझ खोऱ्यात हिमकडे कोसळून जे जवान मृत्युमुखी पडले, त्यांत अकोला जिल्ह्यातील दोघे होते. गस्तीची एक तुकडीही त्या बर्फाखाली सापडली. अशा वेळी आपण ‘निसर्गाचा कोप’ म्हणून हळहळतो. शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागाईतदाराने गारपीट सोसलेली असल्यामुळे त्याला ही हळहळ चटकन समजते. परंतु गार अवचित येते. हिमकड्याची तयारी पुष्कळदा आठवडे न् आठवडे चाललेली असते.

हिवाळ्याच्या आरंभी पडलेला बर्फ कडाक्याच्या थंडीत साखरेसारखा रवाळ व भुसभुशीत होतो. त्यावर नवा बर्फ साचतो, वारा त्यात भर घालतो आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावर तो जड थर एखाद्या माणसाच्या भारानेही तुटू शकतो. खड्डा खणून हे थर तपासता येतात. (खत टाकण्यापूर्वी आपल्यापैकी किती जण माती तपासतात, हा प्रश्न निराळा!) या अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनालीला संरक्षण खात्याची संस्था निघाली, २०२० मध्ये ती नव्या भू-माहिती संस्थेत विलीन झाली. इशारेही दिले जातात.

मग अडते कोठे? फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये मोजता येणारी जोखीम आणि न मोजता येणारी अनिश्चितता असा भेद केला होता. इशारा साऱ्या पट्ट्यासाठी असतो. आजची ही वाट, हा उतार तुटेल काय, हे तो सांगत नाही. आल्प्समधील हौशी प्रवासी इशारा वाचून घरी बसतो. जवानाला ती मुभा नाही. आणि एकदा गाडला गेलेला माणूस जगण्याची शक्यता पहिल्या पाव तासानंतर झपाट्याने घटते. तेव्हा सुटकेवर भिस्त ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

वस्तुतः हा प्रश्न उपकरणांइतकाच साठ्याचाही आहे. घाट बंद होण्यापूर्वी चौकीत जादा शिधा, इंधन व औषधे असली, तरच ‘आज वाट नको’ असे म्हणणे अधिकाऱ्याला परवडते. हिशेबनिसाला हा पडून राहिलेला पैसा वाटेल. प्रत्यक्षात तो विम्याचा हप्ता आहे. शिवाय गस्त पुढे ढकलली म्हणून त्या अधिकाऱ्याकडे खुलासा मागितला जाता कामा नये. लोकसभेत संरक्षण खर्चाच्या मागण्या येतील, तेव्हा विमाने-तोफांबरोबर या साठ्याविषयीही आपल्या वऱ्हाडच्या खासदारांनी दोन प्रश्न विचारावेत.