घाटावरचें पाणी घाटाखालीं कोणाच्या हुकुमानें?



शिरूर-दौंडच्या शेतकऱ्यास जो तो ऐकवितो कीं, तुमच्या नशिबींच पाऊस थोडा. थोडा खराच, वर्षास वीस इंचांच्या आसपास. परंतु आमची भीमामाई आमच्या पावसावर वाहत नाहीं. तिचें माहेर सह्याद्रींत. तेथें लोणावळ्याकडे दीडशें इंचांवर पाऊस कोसळतो. इंद्रायणी तिला तुळापुरास मिळते, मुळामुठा रांजणगांव सांडसापाशीं. देवानें पूर्वेस उतरविलेलें हें पाणी वाटेंत अडवून पश्चिमेस कोणीं लोटलें?

टाटा कंपनीनें. लोणावळें-वळवणचें पाणी 1915 पासून खोपोलीस पाताळगंगेंत, आंध्रा नदीचें 1922 पासून भिवपुरीस उल्हासेंत, मुळशीचें 1927 पासून भिऱ्यास कुंडलिकेंत. नळांतून कडा उतरतांना त्याची वीज होते. पुढें कोणी उचललें नाहीं तेवढें समुद्रास मिळतें. बैल आमचे, मोट आमची, आणि पाट शेजाऱ्याच्या वावरांत!

वीज मुंबईच्या गिरण्यांस हवी, असें तेव्हां सांगितलें. आमचेच भाऊबंद तेथें राबत, म्हणून तेवढें सोसलें. 1982 च्या संपानंतर बहुतेक गिरण्या उठल्या, जागीं काचेचे मनोरे आले. पाणी मात्र अजून घाटाखालींच चाललें आहे.

मुळशीस 1921 सालीं सत्याग्रह झाला. सेनापति बापटांचा त्याग कोण नाकारील? पण त्या मावळांत पुण्याच्या सावकारांचीं गहाणखतें होतीं. भरपाईचा वास येतांच त्या मंडळींचा उत्साह विरघळला, आणि मावळा कुळवाडी देशोधडीस लागला. खालच्या दौंडकरास तर कोणीं पुसलेंही नाहीं.

पुरांत मात्र आमची आठवण होते. 2019 च्या ऑगस्टांत मुळशीचे दरवाजे मुळेकडेच उघडले. उन्हाळ्यांत मुळामुठेंतून येतें तें पुण्याचें सांडपाणी.

मग घाटाखालच्यांनीं तहानेनें मरावें काय? मुळींच नाहीं, त्यांच्या घागरीस हात लावूं नये. पण विजेपुरत्या पाण्याचा हिशेब वेगळा. वीज आज उन्हापासूनही निघते, आणि उन्हास आमच्याकडे तोटा नाहीं. शिवाय आलेलें पाणी ऊसवाल्या बागाइतदारानें एकट्यानें गिळावें, हेंही चालणार नाहीं. आधीं पिण्यास, मग ज्वारीस.

दरसाल किती पाणी घाट उतरतें याचा आंकडा सरकारनें प्रत्येक चावडीवर लावावा, आणि मार्च ते जून तें आमच्या नद्यांत सोडावें, असा ठराव येत्या ग्रामसभेंत मांडा. ज्यास सही येत नाहीं त्यानें अंगठा द्यावा.

आपला,
एक खेड्यांतला मास्तर