हरभरा उपटूं नये, कापावा

तूर, मूग, उडीद, हरभरा, वाल आणि ताग हीं सर्व एकाच शिंबीकुलांतील भावंडें होत. पतंगाच्या आकाराचें पांच पाकळ्यांचें फूल आणि दोन फांकांची शेंग ही त्यांची ओळख. परंतु शेतकऱ्याच्या हिताची खूण जमिनीखालीं असते.

फुलोऱ्यांतील झाड हळूच खणून काढावें, म्हणजे मुळांवर बारीक गांठी दिसतील. तो रोग नव्हे. गांठ चिरल्यावर आंत गुलाबी दिसली, तर ती काम करीत आहे असें समजावें. तींतील सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र झाडास पुरवितात, हें हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनीं सिद्ध झालें.

असें असतां हरभरा मुळासकट उपटण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. उपटणें सोपें, मजुरीही वांचते, हें खरें. परंतु पक्व झाडांतील बहुतेक नत्र दाण्यांत गेलेलें असतें. दाणे आपण विकतों, भूस गुरें खातात; जमिनीस उरतात तीं मुळें. तींही खळ्यावर नेलीं, तर तिला राहिलें काय? सरकारचा सारा आपण चुकवीत नाहीं. जमिनीचा मात्र बुडवितों.

म्हणून हरभरा विळ्यानें बुडाशीं कापावा व मुळें जागींच कुजूं द्यावींत. जमीन अगदींच हटली असेल, तर ताग पेरून फुलोऱ्यावर येतांच गाडावा. कापणीस दोन पैसे अधिक लागतील; ते जमिनीचें देणें समजून द्यावेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.