रंगांचें मौन आणि काळी चिमणी

चित्रपट पाहून मंडळी घरीं परतली म्हणजे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘गोष्ट काय होती?’ दुसरा प्रश्न गाण्यांविषयीं, आणि तिसरा, कामें कोणीं चांगलीं केलीं याविषयीं. चित्रांत कोणते रंग होते, कोणती वस्तु वारंवार दिसली, असें सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक रंगाची भाषा आपल्या घरांत जितक्या बारकाईनें जाणतात, तितकी क्वचितच कोठें जाणत असतील. हळदीचा पिवळा, कुंकवाचा तांबडा, पूर्वीं विधवेच्या वांट्यास येणाऱ्या आलवणाचा तांबडा, यांचा अर्थ कोणीं शब्दांनीं शिकविला नाहीं. तो पाहून पाहून अंगवळणीं पडला. तांबडा रंग तोच. परंतु कपाळावर तो सौभाग्य झाला आणि आलवणांत नेमका त्याच्या उलट झाला. रंगाचा अर्थ रंगांत नसून त्याच्या शेजारांत असतो, हें आमच्या आज्यांना कोणत्याहि शास्त्रावांचून ठाऊक होतें. ज्याला प्रयोगशील चित्रपट म्हणतात, त्याचें रहस्य पुष्कळ अंशीं एवढेंच आहे.

नुसता रंग पडद्यावर आणल्यानें मनाची अवस्था उभी राहत नाहीं, याचें उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. प्रभात कंपनीनें १९३३ सालीं ‘सैरंध्री’ हा बोलपट रंगीत काढण्याचें धाडस केलें व त्याच्या प्रती जर्मनींत करविल्या. रंग आले, परंतु ते मनासारखे उतरले नाहींत. आतां याच कंपनीचा १९३७ चा ‘कुंकू’ पाहावा. चित्र कृष्णधवल, त्यांत तांबड्याचा ठिपकाहि नाहीं. तरी नीरेच्या कपाळावरचें कुंकू तांबडें नाहीं असें एकाहि प्रेक्षकाला वाटलें नसेल. पुढें १९३९ सालीं ‘माणूस’ आला. त्यांत गणपत शिपायाचें काम करणारे शाहू मोडक हे नगरास जन्मलेले. त्या चित्रांतहि मनाची घालमेल पुष्कळशी छायेनें आणि प्रकाशानेंच सांगितलेली आहे. रंग फितीवर असून भागत नाहीं. तो पाहणाराच्या मनांत उठावा लागतो.

परदेशांतील कलावंतांनीं हा विचार टोकापर्यंत नेला. रशियांत १९२५ सालीं आयझेन्स्टाइन यानें ‘बॅटलशिप पोटेम्किन’ या कृष्णधवल मूकपटांत एकच निशाण हातानें तांबडें रंगवून घेतलें. बाकी सर्व करडें असल्यामुळें तेवढें एक निशाण सभागृहाला हालवून सोडण्यास पुरेसें झालें. इंग्लंडांत डेरेक जार्मन यानें १९९३ सालीं ‘ब्लू’ काढला. सुमारें ७९ मिनिटें पडद्यावर एका निळ्या रंगावांचून कांहीं नाहीं. ऐकूं येतात ते केवळ आवाज. दिग्दर्शकाची दृष्टि आजारानें अधू होत चालली होती. दृष्टि गमावणाऱ्या माणसाशेजारीं प्रेक्षकाला नेऊन बसवावयाचें, तर याहून सरळ मार्ग कोणता?

आपल्याकडे पुण्यास प्रभातच्याच जागेवर १९६० सालीं चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली. तेथें शिकलेल्या कुमार शहानी यांनीं १९७२ सालीं ‘मायादर्पण’ केला. जुन्या हवेलींत वडिलांपाशीं राहणारी एक अविवाहित मुलगी, एवढीच त्याची कथा. तिची कोंडी संवादांपेक्षां रंगांनीं व संथ चालण्याच्या लयीनें कळते. ‘यांत घडलें काय?’ असें विचारणाऱ्यास त्यांत कांहींच सांपडणार नाहीं; पाहणाऱ्यास पुष्कळ सांपडेल.

आतां नगर जिल्ह्याकडे वळूं. ज्यांच्या घरीं दासगणू महाराजांचीं कीर्तनाख्यानें ऐकलीं गेलीं, त्यांस अकोळनेर हें नांव अपरिचित नाहीं. याच गांवीं ‘फँड्री’ या चित्रपटाची कथा घडते. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरचे. परंतु संज्ञापनशास्त्राचें शिक्षण त्यांनीं नगरच्या महाविद्यालयांत घेतलें व विद्यार्थी असतांनाच ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. ‘फँड्री’ २०१३ चा. चित्रगृहांत तो फेब्रुवारी २०१४ मध्यें आला, व दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटास मिळणारा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला. तो सर्वस्वीं प्रयोगपट नव्हे. गोष्ट सांगणाराच चित्रपट आहे. परंतु त्यांतील मर्माचें सांगणें शब्दांनीं केलेलें नाहीं.

गांवकुसाजवळ राहणाऱ्या कैकाडी कुटुंबांतला जब्या शाळेंतल्या शालूवर मन ठेवून असतो. काळी चिमणी धरून जाळावी, तिची राख शालूवर टाकावी, म्हणजे ती वश होईल, अशी त्याची समजूत. म्हणून तो गलोल घेऊन माळावर हिंडतो. हा माळ म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख : बाभळी, धुरळा, करडी-पिंगट जमीन. दिग्दर्शकानें त्यास कोठेंहि साजशृंगार केलेला नाहीं. त्या विटक्या रंगावर एक काळा ठिपका भुर्रकन् उडून जातो आणि आपला जीव त्याच्यामागें धांवतो. काळा हा जब्याच्या कांतीचाहि रंग, आणि तो त्यास नकोसा झालेला. परंतु त्याची सारी आशा जिच्यावर, ती चिमणीहि काळीच. आपल्याकडे नाहीं का, एरवीं अशुभ म्हणून टाळलेला काळा रंग संक्रांतीस चंद्रकळा होऊन मिरवतो? शेजार बदलला कीं अर्थ बदलतो.

‘फँड्री’ म्हणजे कैकाडी बोलींत डुक्कर. पकडलेलें डुक्कर काठीला टांगून शाळेच्या भिंतीजवळून नेतात, त्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई इत्यादि थोरांचीं चित्रें रंगविलेलीं आहेत. कोणी कांहीं बोलत नाहीं. वर रंगविलेली भिंत, खालीं खांद्यावरचें ओझें. एवढ्यानें एका व्याख्यानमालेचें काम होतें. आणि अखेरीस, चिडविणाऱ्यांवर जब्यानें भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या रोखानें येतो. त्या क्षणीं चिडविणाऱ्यांच्या जागीं आपण बसलेले असतों.

येथें आमच्या वाचकांनीं अंमळ थांबावें. ‘छायाचित्रण उत्तम’ असा अभिप्राय देऊन दगड चुकविणें सोपें आहे; सुशिक्षितांस तर विशेषच सोपें आहे. परंतु ज्या चित्रानें डोळे उघडावयाचे, त्याची तारीफ करून ते मिटून घेणें ही रसिकता नव्हे.

म्हणून एक साधा उपाय सुचवितों. असा चित्रपट मुलांनीं एकेकट्यानें कोपऱ्यांत पाहण्यापेक्षां आजीआजोबांसह सर्वांनीं एकत्र पाहावा. आरंभींचीं दहा मिनिटें आवाज बंद ठेवावा. मागाहून प्रत्येकानें एकच सांगावें : कोणता रंग लक्षांत राहिला, व त्याच्या शेजारीं काय होतें. आजी ज्या गोष्टी पाहील, त्या नातवाच्या ध्यानांतहि येणार नाहींत, आणि उलटहि घडेल. पुष्कळ व्याख्यानांनीं जें साधत नाहीं, तें अशा एका संध्याकाळीं साधतें.

आणि मुलांची नजर अशी तयार झाली म्हणजे ती पडद्यापुरती राहणार नाहीं, हेंहि आधींच सांगून ठेवितों. कामाला येणाऱ्या बाईसाठीं चहाचा पेला ज्या घरीं निराळा ठेवलेला असेल, तेथील मुलांस विचारून पाहावें. तो कोणता, हें त्यांना कोणीं कधीं सांगितलेलें नसतें. पण त्याचा रंग तीं अचूक सांगतील.