बैठी नोकरी, उभे टेबल

मालवणच्या किनाऱ्यावर एके काळी ‘झील बँकेत लागलो’ ही बातमी वाडीभर साखर वाटून सांगितली जाई. त्यात पगाराइतकेच कौतुक खुर्चीचे असे, आणि ते साहजिक होते. बाप रापण ओढणारा, आई चिखलात वाकून भात लावणारी, काका मुंबईच्या गिरणीत साच्यापुढे पाळीभर उभा राहणारा. पिढ्यान्‌पिढ्या उभ्याने राबलेल्या घरात एकाला बसायला मिळाले, हीच प्रगती. आता त्याच घरांतली नातवंडे पुण्या-बंगळुरात संगणकापुढे दहा-दहा तास बसतात आणि पाठ धरली की उंच होणारे टेबल विकत घेतात. काही टेबलांखाली तर चालता पट्टा असतो. माणूस पत्रे लिहीत जागच्या जागी चालत राहतो!

याला हसणे सोपे आहे, पण दुखणे खरे आहे. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास 1953 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, दुमजली बसचा जिना सतत चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला. पट्ट्याच्या टेबलाचा पुरस्कार करणारे, पूर्वी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये असलेले डॉ. जेम्स लेव्हिन यांचेही म्हणणे असे, की व्यायामाखेरीज दिवसभरात होणारी किरकोळ हालचाल फार मोलाची असते.

ही किरकोळ हालचाल आमच्या बँकेतही होती. लेजर काढायला, सहीचे कार्ड जुळवायला, व्हाउचर पास करून घ्यायला, स्ट्राँगरूम उघडायला दिवसातून कितीदा तरी उठावे लागे. पुढे कोअर बँकिंग आले आणि सगळे पडद्यावर आले. ग्राहकाचा वेळ वाचला, रात्री उशिरापर्यंत टॅली जुळवत बसणे संपले. ते जुने दिवस परत आणा, असे कोणी म्हणणार नाही. मात्र कामातल्या त्या फेऱ्या कुठल्याच खात्यावर जमा नव्हत्या; त्यामुळे त्या बंद झाल्या, तेव्हा नोंदही कोणी घेतली नाही.

मग उभे टेबल घ्यावे काय? मेयो क्लिनिकच्याच डॉक्टरांनी 2018 साली हिशेब मांडला. बसण्यापेक्षा उभे राहण्यात मिनिटाला सरासरी 0.15 कॅलरी जास्त खर्च होते. सहा तास उभे राहा, 54 कॅलरी होतील. एक पोळीही जिरायची नाही. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2024 साली 83 हजारांवर ब्रिटिश प्रौढांची माहिती तपासली. नुसते उभे राहून हृदयविकार टळत नाही. उलट फार वेळ उभे राहणाऱ्यांत पायांच्या शिरा फुगण्यासारखे त्रास वाढतात, असे त्यांना दिसले. पट्ट्यावर हालचाल होते हे खरे, पण चालता चालता बारीक काम हातून नीट होत नाही.

उभे राहण्याचे हे दुखणे आपल्या बाजारपेठेतल्या साडीच्या दुकानातली मुलगी कुठल्याही संशोधनाविना सांगेल. सकाळी दहापासून ती उभी असते. गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही, हा दुकानाचा शिरस्ता. केरळात कोळिकोडच्या दुकानांतल्या स्त्रिया याविरुद्ध संघटित झाल्या. 2018 साली केरळने कायदा बदलून दुकानांत बसण्याची सोय बंधनकारक केली. 2021 साली तामिळनाडूनेही तसाच बदल केला. एकीकडे उभे राहण्यासाठी हजारो रुपये मोजणारे, दुसरीकडे बसण्यासाठी झगडणाऱ्या. दोघांच्याही शरीराची मागणी एकच आहे: एका स्थितीत फार वेळ ठेवू नका.

त्यासाठी महागडे टेबल लागत नाही; लागते ती साहेबाची आणि मालकाची समजूत. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चाललेला कारकून कामचुकार ठरू नये. फोन उभ्याने घ्यावा, दोन मजले जिन्याने चढावे. आठवड्याला 150 ते 300 मिनिटांची मध्यम हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले आहे. रोजचे अर्धा-पाऊण तासाचे झपझप चालणे त्यात बसते. आणि दुकानदारांनी काउंटरमागे एक स्टूल ठेवावे. आपण आत शिरलो तेव्हा त्यावर कोणी बसलेली दिसली, तर तो आपला अपमान नव्हे, एवढे गिऱ्हाईक म्हणून आपणही शिकायला हवे.