द्राक्षबागेतील ट्रॅक्टर आणि काढता-घालता विंच

गोडी छाटणी आटोपून कोवळी फूट दिसू लागली, की निफाड-दिंडोरीकडील द्राक्ष-बागायतदाराचे लक्ष जमिनीपेक्षा आकाशाकडेच अधिक लागलेले असते. २०१९ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील पावसाने नाशिक जिल्ह्यातील बागांची कशी दैना केली, हे त्या भागात कोणास नव्याने सांगावयास नको. पाऊस उघडतो, पाने ओली राहतात, केवडा डोके वर काढतो आणि फवारणी आजच्या आजच झाली पाहिजे अशी वेळ येते. नेमक्या त्याच वेळी काळी जमीन ट्रॅक्टरला आत घेण्यास तयार नसते.

अशा वेळी शेतकरी थांबत नाही, आणि त्याला थांबण्यास सांगणेही व्यर्थ आहे. लहान ट्रॅक्टर पाचशे लिटर पाण्याचे फवारणी यंत्र ओढीत ओळीत शिरतो. टायरच्या नक्षीत चिकण माती भरून चाक गुळगुळीत होते, जागेवर फिरू लागते व पाहता पाहता आस जमिनीस टेकतो. मग शेजारचा मोठा ट्रॅक्टर बोलाविला जातो. साखळी बांधली जाते, हिसके दिले जातात, आणि पुष्कळ वेळा दुसरा ट्रॅक्टरही पहिल्याच्या शेजारी रुततो. या खटाटोपात ठिबकच्या नळ्या तुटतात, वेलींच्या मुळ्या उघड्या पडतात, ओळीत हातभर खोल चर पडतात आणि ज्या फवारणीसाठी हे सारे केले ती तशीच राहून जाते.

या अडचणीवर विंच हा उपाय आहे. विंच म्हणजे विजेवर फिरणारा रहाटच होय. मोटर, दातेरी चाकांची पेटी, दोर गुंडाळणारे पिंप व पुढे आकडा, एवढाच त्याचा पसारा. दोराचे टोक दूर पक्क्या जागी बांधावे आणि यंत्राने दोर गुंडाळीत वाहनास हळूहळू पुढे ओढावे. यात चाकांच्या पकडीवर काहीच अवलंबून नसते, म्हणून चिखलातही काम होते. परदेशांतील शेतकरी चिखलातून फिरणाऱ्या चारचाकी हलक्या वाहनांवर असे विंच वापरतात. तेथील चांगली गोष्ट अशी, की पुष्कळ ठिकाणी विंच वाहनास कायमचा जखडलेला नसतो. वाहनावर चौकोनी नळीची एक खोबण पक्की बसविलेली असते. विंचच्या पाटास तसाच चौकोनी दांडा असतो. दांडा खोबणीत सारावा, आडवी खीळ घालावी, विजेची जोडणी करावी, की विंच तयार.

नाशिकच्या बागांत हीच पद्धत अधिक उपयोगी ठरेल. फवारणीच्या वेळी ट्रॅक्टरची मागील बाजू यंत्राने अडलेली असते. तेव्हा विंच पुढेच हवा. परंतु दोन ओळींत बहुधा नऊ फुटांचे अंतर, वर मांडव, ओळीच्या टोकाशी वळण्यास बेताचीच जागा. तेथे नाकाशी कायम लोंबणारे वजन अडचणीचेच होते. शिवाय वर्षातील थोडे दिवस लागणारी वस्तू बाकीचे दिवस चिखल, ऊन व औषधांचे तुषार सोशीत का राहावी? काढता येणारा विंच धुऊन-पुसून कोठीत ठेवता येतो. त्याहून महत्त्वाचे हे, की एक विंच अनेक ट्रॅक्टरांस चालतो. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या अभियानातून गावोगावी अवजारे बँका निघाल्या आहेत. एखाद्या बँकेने एक विंच ठेवावा आणि सभासदांनी आपापल्या ट्रॅक्टरला केवळ खोबण बसवून घ्यावी, हे सर्वांत स्वस्त पडेल. मात्र त्यासाठी सर्व खोबणी एकाच मापाच्या हव्यात. प्रत्येक वेल्डरने आपल्या मनाचे माप काढले, तर ही सोय मुळातच नष्ट होईल. दोन इंची चौकोनी खोबणीचे माप बाहेर रूढ आहे, तेच धरावे.

खोबण बसविताना होणारी सर्वांत मोठी चूक गावातील कारखान्यातच होते. पुष्कळशा ट्रॅक्टरांचा पुढील आधार बिडाचा असतो. बिडावर साधे वेल्डिंग टिकत नाही. वरून जोड चांगला दिसतो, पण ताण येताच शेजारून तडा जातो. म्हणून पुढील वजने अडकविण्यासाठी कारखान्याने जी भोके ठेविली आहेत, त्यांतच जाड पोलादी पाट बोल्टांनी आवळावा आणि खोबण त्या पाटास जोडावी. बोल्टाच्या माथ्यावर ८.८ हा आकडा कोरलेला असावा. कोरा बोल्ट या कामी घेऊ नये. ओढ शक्य तितकी खाली व सरळ रेषेत यावी. बाजूने तिरकस ओढल्यास खोबण पिळवटते व वाहन कलंडण्याचा धोका असतो.

विंचची ताकद ठरविताना सारे वजन मोजावे. ट्रॅक्टर, फवारणी यंत्र व टाकीतील पाणी मिळून १७०० किलो होत असतील, तर दीडपट म्हणजे सुमारे अडीच टन ओढीचा विंच घ्यावा. छापलेली ताकद दोराच्या पहिल्या थरावरची असते. पिंपावर थर चढत जातात तशी ओढ कमी होते. उलट, पिंपावर निदान पाच वेढे शिल्लक ठेवावेतच, कारण दोराच्या शेवटाची पकड भार पेलण्यासाठी नसते. शक्य असल्यास टाकीतील द्रावण पिंपांत काढून घ्यावे. पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो ओझे. ते उतरविल्यावर निम्मे काम झालेले असते, आणि आश्चर्य असे, की हे कोणास वेळेवर सुचत नाही. बारा व्होल्टचा विंच पूर्ण भारावर दोनशे अँपिअरच्या घरात वीज खातो, ट्रॅक्टरचे वीजयंत्र त्याचा लहानसा भागच भरून काढते. यास्तव इंजिन चालू ठेवून थोडे ओढावे, थांबावे, पुन्हा ओढावे. बॅटरीजवळ भार तोडणारा खटका असल्याशिवाय जोडणी करू नये.

दोर कोठे बांधावा, हा बागेतला खरा प्रश्न. समोर लोखंडी अँगल दिसतो आणि मोह होतो. परंतु तो अँगल मांडवाचा आहे. त्यावर तारांचा ताण व वेलींचे ओझे आधीच आहे. त्यास आणखी एक-दोन टनांची आडवी ओढ दिली, तर टोकाचा अँगल वाकून सारी ओळ खाली येऊ शकते. ट्रॅक्टर निघेल, पण बाग बसेल. बांधावरचे जाडजूड झाड असल्यास त्याच्या बुंध्यास, जमिनीलगत, रुंद पट्टा गुंडाळावा. दोर थेट सालीवर घालू नये. झाड नसेल तेथे मुरमाच्या रस्त्यावर दुसरा ट्रॅक्टर चाकांस उटी लावून उभा करावा. तो ओढणार नाही, नुसता उभा राहील. म्हणून तो रुतणारही नाही. ओढ दुप्पट करण्यासाठी कप्पी लावल्यास बांधलेल्या जागेवरही जवळजवळ दुप्पट भार येतो, हे विसरू नये.

चार-चाकी चालीचा ट्रॅक्टर घेतला की विंच नको, असे पुष्कळांचे मत दिसते. तसा ट्रॅक्टर उशिरा रुततो हे खरे. पण तो अधिक आत जाऊन रुततो.

ताणलेल्या दोराविषयी मात्र कोणाचे दुमत नसावे. मोटेच्या काळी ताणलेल्या नाड्याच्या रेषेत मुलांस उभे राहू देत नसत. पोलादी दोर तुटला तर त्याहून कितीतरी वाईट. ओढ सुरू असताना दोराच्या मध्यावर ओले बारदान टाकावे, दोर ओलांडू नये, हातमोज्यांशिवाय त्यास स्पर्श करू नये आणि बघ्यांस दोराच्या लांबीहून दूर काढावे. विहिरीच्या यारीवर काम केलेल्या गड्यांना दोर हाताने पिंपावर सारण्याची सवय असते. ती येथे बोटे घेईल.

यारीचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. उन्हाळ्यात विहिरीतील गाळ काढण्याची वेळ आली, की हाच विंच काठावर लावून माणूस खाली सोडावा, असे कोणाच्या तरी मनात येणारच. तसे कदापि करू नये. वाहन ओढण्याच्या विंचचा अडसर आडव्या ओढीसाठी असतो, लोंबत्या माणसासाठी नसतो. खीळ निसटली, वीज गेली किंवा अडसर घसरला, तर खाली गेलेल्या माणसास वाचविण्याचे दुसरे साधन नसते. अवजारे बँकेने विंच देताना ही अट तोंडी न ठेवता वहीत लिहून घ्यावी व घेणाऱ्याची सही घ्यावी. ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने या एका बाबतीत कोणाची भीड धरू नये.

खोबणीचे बोल्ट छाटणीपूर्वी, सप्टेंबरातच, आवळून पाहावेत. ज्या बांधावर झाड नाही तेथे ओळींच्या तोंडाशी बाभळीचा ओंडका आडवा, निदान कमरेइतका खोल, पुरून त्यास बांधलेली साखळी वर काढून ठेवता येते; हे काम उन्हाळ्यात जमीन मोकळी असतानाच उरकते, पावसानंतर ते होत नाही.